सकाळचं लिंबू दुपारच्या डब्यात न्या

ऊन तापायला लागलं की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लिंबूपाण्याचे मेसेज सुरू होतात. अनशेपोटी कोमट पाण्यात लिंबू पिळा, चरबी वितळेल, शरीरातली घाण निघून जाईल, रक्त अल्कलाइन होईल, कर्करोग जवळ फिरकणार नाही. लिंबू माझ्या फार आवडीचं. त्याच्या नावावर असे नसलेले गुण खपवलेले बघवत नाहीत, म्हणून आज सविस्तर लिहितेय. लिंबाचा उपयोग आहे, मुंबईत राहणाऱ्याला तर खूपच आहे. फक्त तो सकाळच्या त्या एका ग्लासात फारसा नाही. तो दुपारच्या जेवणात आहे आणि उन्हातून आल्यावर घोटाघोटाने पोटात जाणाऱ्या पाण्यात आहे.

आधी जेवणाचं सांगते, कारण बायकांच्या दृष्टीने मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त. लोकलच्या लेडीज डब्यात दाराशी उभ्या असलेल्या आपल्यासारख्याच या बायका. आपण मेथी खातो, मटकीची उसळ खातो, नाचणीची भाकरी खातो, तरी हिमोग्लोबिन नऊ-दहाच्या पुढे सरकत नाही. यामागे कारणं बरीच असतात, पण एक असं की धान्य, कडधान्य आणि पालेभाजीतलं लोह शरीर सहजासहजी शोषून घेत नाही. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व पोटात गेलं तर ते चांगलं शोषलं जातं. इथे ‘त्याच घासाबरोबर’ हे लक्षात ठेवायचं. सकाळी सहाला घेतलेलं लिंबू दुपारी एकच्या उसळीच्या कामाला येत नाही.

आपल्या आज्या वरणभातावर, पोह्यांवर, उसळीवर लिंबाची फोड पिळायच्या. ताटात डाव्या बाजूला मिठाशेजारी लिंबू असायचंच. ऑफिसच्या डब्यात मात्र ते गळून गेलं. मी आता अख्खं लिंबू पर्समध्ये टाकते आणि जेवताना कापते, कारण सकाळी कापून नेलेली फोड दुपारपर्यंत सुकून कडवट होते. उरलेलं अर्धं लिंबू पाण्याच्या बाटलीत जातं. आणि जेवल्यावर लगेच चहा नको, तासाभराने घ्या. चहातली टॅनिन लोह अडवून धरतात, म्हणजे लिंबाने केलेलं काम चहाने वाया जातं. ऑफिसात चहावाला बरोबर जेवणाची वेळ साधून येतो, तरी एवढी एक सवय बदलाच.

दुसरं आपल्या हवेचं. मुंबईत पारा तेहतीस-चौतीसवर असतो तेव्हा विदर्भातले नातेवाईक म्हणतात, एवढ्यात काय होतंय तुम्हाला? पण इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही. घाम वाळला तर अंग थंड होतं. तो नुसता ओघळत राहिला तर अंग तापलेलंच राहतं आणि शरीर आणखी घाम काढत बसतं. दादरच्या पुलावरून एकदा गर्दीत चालून बघा, पदर पिळावा इतका घाम येतो. त्यातून पाणी जातं, मीठही जातं. अशा वेळी चिमूटभर मीठ आणि थोडी साखर घातलेलं लिंबूपाणी खरोखर कामाचं आहे. मीठ-साखर बरोबर असली की आतड्यात पाणी लवकर शोषलं जातं. जुलाबावर देतात त्या जलसंजीवनीचं तत्त्वही हेच. एक लिटर स्वच्छ पाण्याला चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक घरात पाठ असायला हवं. चवीला त्यात लिंबू पिळलं तरी चालतं.

पण आपण बायका पाणीच पीत नाही. का पीत नाही ते आपल्याला माहीत आहे. सकाळी घर सोडायचं, दीड तास गाडीत, मध्ये जायला जागा नाही, आणि स्टेशनवर जी जागा असते तिथे पाय ठेववत नाही. म्हणून निघण्याआधी पाणी टाळायचं, ऑफिसातही कमीच प्यायचं, परत निघताना पुन्हा टाळायचं. ही सवय आईकडून मुलीकडे जाते आहे, याचा मला राग येतो. स्वच्छ शौचालय हा पाणी पिण्याइतकाच आरोग्याचा प्रश्न आहे आणि तो रेल्वेने आणि पालिकेने सोडवायचा आहे, आपण तहान मारून नाही.

मुतखड्याचा संबंध इथेच येतो. माझ्या धाकट्या दिराला गेल्या उन्हाळ्यात खडा झाला. रात्री दोनला पोटात कळ उठली तेव्हा जमिनीवर गडबडा लोळत होता बिचारा. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी एवढं पाणी पी. अडीच लिटर पाणी नाही, लघवी! मुंबईच्या घामात त्यासाठी साडेतीन लिटरच्या आसपास प्यावं लागतं. लिंबाच्या रसात सायट्रेट, म्हणजे त्याच्या आंबटपणातलाच एक घटक, भरपूर असतं. लघवीतलं सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे सहजी तयार होत नाहीत. ज्यांच्या लघवीत सायट्रेट कमी असतं त्यांना पोटॅशियम सायट्रेटचं औषध देतात ते याचसाठी. लिंबूपाणी त्या औषधाची जागा घेत नाही आणि झालेला खडा विरघळवत नाही, पण पुन्हा होऊ नये म्हणून भरपूर पाण्याबरोबर घ्यायला ते चांगलं. दीर आता दिवसभरात दोन लिंबं पाण्यातून घेतो, बिनसाखरेची. ज्यांची किडनीच कमजोर आहे त्यांनी मात्र पाणी किती, लिंबू किती, हे डॉक्टरांनाच विचारावं.

आता क जीवनसत्त्वाबद्दल. जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने १७४७ मध्ये स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, झालेल्या बारा खलाशांवर जोडीजोडीने वेगवेगळे उपाय करून पाहिले. ज्या दोघांना रोज संत्री आणि लिंबू मिळालं ते झपाट्याने सुधारले. लिंबाची कीर्ती तिथून, आणि ती खरीच आहे. पण आपल्या एका कागदी लिंबात रस निघतो वीस-पंचवीस मिलिलिटर आणि त्यात क जीवनसत्त्व दहा मिलिग्रॅमच्या आसपास. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या बाईला रोज ६५ मिलिग्रॅम लागतं, पुरुषाला ८०. एक मध्यम पेरू खाल्लात तर दिवसाची गरज भागून वर उरतं. आवळ्याचं तर विचारूच नका. नुसतं क जीवनसत्त्व हवं असेल तर पेरू खा. लिंबू हवं ते जेवणाच्या घासाबरोबर.

ग्रुपवरच्या बाकीच्या गोष्टींवर फार वेळ घालवत नाही. चरबी वितळत नाही. वजन उतरत असेल तर ते दुधा-साखरेच्या चहाऐवजी लिंबूपाणी घेतल्यामुळे. शरीर स्वच्छ करण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करतात, त्यांना लिंबाची वाट बघावी लागत नाही. रक्ताचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्कलाइन आहे याचं माप, ७.३५ ते ७.४५ च्या मध्ये फुप्फुसं आणि मूत्रपिंडं राखतात, लिंबू पिऊन तो हलत नाही. आणि कर्करोगाचा मेसेज पुढे पाठवू नका, हात जोडून सांगते. उपचार सोडून लिंबावर बसणारी माणसं आहेत. मागे गाडीत एक मैत्रीण मला म्हणाली, “ताई, बरं नाही वाटलं तरी अपाय तर नाही ना त्यात?” मी म्हटलं, “अगं, लिंबावर विसंबून केमोथेरपी चुकली की तोच अपाय.”

कोमट लिंबूपाण्याने सकाळी ज्यांचं पोट साफ होतं त्यांनी खुशाल घ्यावं. तो फायदा बराचसा कोमट पाण्याचा आहे. ज्यांना आंबट ढेकर आणि छातीत जळजळ होते त्यांनी अनशेपोटी घेऊ नये.

दात जपा. लिंबाचा रस चांगलाच आंबट, पीएच दोन-अडीचच्या आसपास. आंबट पाण्याने दातांचं वरचं कवच मऊ पडतं. म्हणून पिऊन झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश करू नका. दिवसभर बाटलीतून घोट घोट घ्यायचं असेल तर अगदी पातळ करा, मध्ये साधं पाणी पीत राहा. आणि हे नक्की वाचा: तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी भरू नका. हल्ली निम्म्या बायकांच्या पर्समध्ये ती बाटली असते. आंबटाने तांबं पाण्यात उतरतं, मळमळ आणि उलट्या होतात. पितळेचंही तेच. स्टील किंवा काच वापरा.

करायचं कसं, तर माझी पद्धत अशी. पातळ सालीचं, पिवळं, हाताला जड लागणारं लिंबू घ्या. ओट्यावर तळहाताखाली दाबून फिरवा, मऊ झालं की आडवं चिरा. आधी थोड्या पाण्यात साखर-मीठ पूर्ण विरघळवा, मग लिंबू, मग उरलेलं पाणी. लिंबू शेवटच्या थेंबापर्यंत पिळायच्या मोहात पडू नका, साल चेपली की कडवटपणा उतरतो. एका ग्लासला एक लिंबू, दोन चमचे साखर, दोन चिमटी मीठ. दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २५ ग्रॅमपर्यंत साखर बरी म्हणते, म्हणजे असे दोन ग्लास प्यालात की चहाला फारशी जागा उरत नाही. पाहुण्यांसाठी वेलदोडा साखरेबरोबर कुटून घालते. एरवी काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड, साखर नाहीच. आल्याचं करायचं तर आलं किसून पिळा, रस दहा मिनिटं वाटीत ठेवा, तळाला पांढरा साका बसतो तो सोडून वरचा रस घ्या. घशाला त्रास असेल तर कोमट पाण्यात मध-लिंबू, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही.

बाहेर मी लिंबूसरबत घेत नाही. मार्च २०१९ मध्ये कुर्ला स्थानकातल्या स्टॉलवर घाणेरड्या पद्धतीने लिंबूसरबत बनवतानाचा तो व्हिडिओ आठवत असेल, त्यानंतर मध्य रेल्वेने स्थानकांवरची सुट्या लिंबूसरबताची विक्रीच थांबवली. पाणी आणि बर्फ कुठला आहे ते आपल्याला दिसत नाही. खाण्याचा नसलेला बर्फ निळ्या रंगाचा हवा असा नियम राज्यात २०१८ पासून आहे, तेवढं तरी बघत चला. हवंच असेल तर बाटलीबंद सोडा समोर फोडून त्यात लिंबू पिळून घ्या, बर्फ नको म्हणा.

उन्हाळ्यात लिंबू महाग होतं हे खरं. एप्रिल २०२२ मध्ये इथे एक लिंबू दहा रुपयांच्या पुढे गेलं होतं. उन्हाळ्यातलं लिंबू हस्त बहाराचं, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या फुलोऱ्याचं. तेव्हा झाडाला पाण्याचा ताण बसला तरच तो फुलतो, आणि त्याच्या आदल्या पावसाळ्यात नगर-सोलापूरकडे नेमका पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला, म्हणून माल कमी आला. झाडाचा मुख्य माल पावसाळ्यात येतो आणि तेव्हा भाजीवाल्या मावशी वाटा लावून स्वस्तात देतात. तेव्हाच घ्या. रस गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये ओता, एका खणात साधारण एका लिंबाचा रस बसतो. गोठले की वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजरमध्ये मागे सरकवून ठेवा. वर तारीख लिहिलेली पट्टी लावा, नाहीतर घरातलं कोणीतरी ते आल्याचे क्यूब समजून आमटीत टाकतं.