‘मेनूतून इरकलच गायब’ या एक ताऱ्याच्या अभिप्रायाला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. नव्या साइटवर पैठणी, इरकल, नारायणपेठ ही नावं वरच्या मेनूच्या पट्ट्यातून गेली, नुसते पाच शब्द उरले, त्यांनीच फोनची अर्धी स्क्रीन खाल्ली आणि आईंना इरकल नऊवारी सापडलीच नाही. शिवाय ‘साडीतलं ओ की ठो कळत नाही अशा माणसानं केलंय’ असंही तुम्ही लिहिलंय. साइटची मांडणी मी ठरवली आणि गादीवर बसून साड्याही मीच दाखवतो, म्हणून उत्तरही मीच देतो.

आधी आईंचं काम. वर ‘नऊवारी’ दाबा, खाली नावं उघडतात, त्यात इरकल आहे. शोधच्या चौकटीत इरकल, इरकली, इलकल, नौवारी, ९ वारी, काहीही टाका, तिथंच पोचाल.

आता नावं का हलवली ते. इरकल हा साडीचा प्रकार, नऊवारी ही लांबी. इरकल सहावारीतही येते, नऊवारीतही. जुन्या पट्ट्यात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी होते. ‘इरकल’ दाबलं की ५.५ मीटरची आणि ८.२ मीटरची साडी एकाच यादीत यायची. फोटोत घडी सारखीच दिसते. साडी घरी पोचायची, नेसायला घेतल्यावर घोळ कळायचा आणि पार्सल परत.

मांडणी बदलण्याआधी साड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या आणि दुकानात येणाऱ्या बायकांना त्यांचे गठ्ठे लावायला सांगितले. नऊवारी नेसणाऱ्या जवळपास सगळ्यांनी आधी लांबीप्रमाणे ढीग केले. बरोबरच आहे. नऊवारी हवी असलेली बाई रंग बदलेल, काठ बदलेल, सहावारी नेणार नाही. तरुण मुलींनी ‘लग्नासाठी’ असा गठ्ठा केला. तो मी घेतला नाही, कारण एकीची लग्नाची साडी दुसरी डोहाळजेवणाला नेसते. डिझायनरनं सुचवलेलं ‘ट्रेंडिंग’ तर पहिल्याच दिवशी उडवलं.

आणखी एक, जुनी यादी माऊस वर नेला की उलगडायची. फोनवर माऊस कुठून आणायचा? आमच्या बहुतेक ऑर्डरी फोनवरूनच येतात.

आता मेनूच्या ओळींच्या उंचीबद्दल, म्हणजे अर्धी स्क्रीन खाल्ली त्याबद्दल. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे निकष आहेत. त्यांच्या २०२३ च्या २.२ आवृत्तीत दाबायच्या जागेचं किमान माप साधारण २४ पिक्सेल आहे, वरच्या पातळीला ४४. आम्ही ४४ धरलं. आईंच्या वयाच्या अंगठ्याला २४ पुरत नाही, भलतंच दाबलं जातं. सगळं तीन रेघांच्या चिन्हामागे ढकललं असतं तर जागा वाचली असती, पण त्या रेघांत मेनू असतो हे सगळ्यांना कुठं ठाऊक असतं?

‘दोनदा दाबायला लागतं’ हे मान्य. पण दुकानातही आपण आधी ‘नऊवारी दाखवा’ म्हणतो आणि मग ‘इरकल आहे का’ विचारतो. माणूस किती वेळा दाबलं ते मोजत नाही. दाबल्यावर भलतंच निघालं की वैतागतो.

त्यामुळे जुना पट्टा परत येणार नाही. रंग आणि किंमत निवडून झाली की त्याच पानाची लिंक मावशीला किंवा बहिणीला पाठवा, तिला निवडलेल्याच साड्या दिसतील. आईंना मात्र एकदा स्वतःच्या हातानं शोधू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका. अडल्या तर तिथला स्क्रीनशॉट दुकानाच्या व्हॉट्सॲपवर टाका, मी बघतो.