दुआ पाठ केल्या म्हणजे अरबी आलं असं नाही

कुर्ला, भेंडीबाजार साईडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय की नमाजेतल्या दुआ (अरबी प्रार्थना) पाठ करा, दोन महिन्यांत अरबी बोलाल, दुबईत नोकरीला कामी येईल. अर्धं खरंय, पण उरलेल्या अर्ध्यापायी पोरं फसतील म्हणून लिहितोय.

खरं काय, तर सुरुवातीला दुआंसारखं दुसरं साधन नाही. दिवसाच्या पाच फर्ज (सक्तीच्या) नमाजांच्या 17 रकाती (नमाजेचे फेरे), म्हणजे फातिहा, कुराणाची पहिली सूरा, 17 वेळा तोंडातून जाते. रुकूत (कमरेत वाकून) 'सुब्हान रब्बियल अज़ीम' आणि सज्द्यात (कपाळ जमिनीला टेकून) 'सुब्हान रब्बियल आला', साचा तोच, शेवटचा शब्द बदलला. 'रब्बी' म्हणजे माझा रब (पालनकर्ता), 'रब्बना' म्हणजे आमचा रब, आणि हा 'ना' एकदा ओळखला की 'रब्बना आतिना'मध्ये 'आम्हाला दे' पण आपोआप कळतं, फक्त अर्थ विचारत शिकलं पाहिजे, नुसती घोकंपट्टी करून हे होत नाही.

पण ही जुनी, ग्रंथांची अरबी. दुबईच्या दुकानात 'काय'ला 'शू' म्हणतात, दुआंत तो शब्द सापडणारच नाही. नोकरीसाठी बोलीभाषा वेगळी शिका, आणि दुआ समजून घ्यायच्या असतील तर मोहल्ल्यातल्या मौलानांकडे बसा, फुकट शिकवणारे भरपूर आहेत.