साठ घोड्यांची हजिरी

आमचं घराणं सरदारांचं आहे, हे आमच्याकडे जन्मलेल्या प्रत्येकाला दात यायच्या आधी सांगितलं जातं. पुरावा विचारला की माळ्यावरची गंजकी तलवार दाखवतात, आणि हिला मूठ का नाही म्हटलं की विषय बदलतात. थोरल्या काकांच्या मते पाणिपतावर आपली साठ घोडी होती. ती मोजली कुणी, असं मी विचारलं. "मग तूच शोध की कागद!" म्हणाले, आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

रियासतकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापून ठेवलेत. त्यांत आम्ही नाही. "निवडक ना? मग आपण उरलेल्यात असणार," काकांनी निर्वाळा दिला. उरलेले म्हणजे रुमालांचे, कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांचे, ढीगच्या ढीग, आणि सगळे मोडी लिपीत.

मोडी मी रीतसर वर्ग लावून शिकलो होतो. पण वर्गातली मोडी गुणी असते. खरा कारकून आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतो आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्यांना अक्षरं लटकवत सुटतो. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. कागद वाचवायला असं लिहीत, म्हणतात. मला वाटतं, त्याला घरी जायची घाई असावी.

अक्षर लागलं की तारीख आडवी येते. महिना मुसलमानी, वर्ष 'शुहूर' नावाच्या सनाचं, आणि आकडे अरबी शब्दांत, तेही एकंपासून उलटे. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. हे साल मृगाला सुरू होतं, म्हणून इसवी सन काढायला डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून ६००. मिळवले. १७६०-६१. पाणिपताचं साल! आणि पहिल्याच ओळीत आमच्या मूळ पुरुषाचं नाव. रुमालातल्या धुळीने त्याच क्षणी शिंक आली. ती कशी दाबली ते माझं मला माहीत.

कागद हजिरीचा होता. सरंजाम, म्हणजे गावांचा महसूल, मिळायचा तो घोडेस्वारांचं पथक बाळगण्यासाठी, आणि घोडी खरंच आहेत का हे सरकार मोजून बघे. आमच्या मूळ पुरुषाने साठ बाळगायची होती. काकांचा आकडा अगदी बरोबर! हजिरीला उभी राहिली एकोणीस. बाकीची चरायला गेली आहेत, असं त्याचं म्हणणं. कारकुनाने ते म्हणणं जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि खाली एक्केचाळीस घोड्यांचे पैसे वजा केले.

पुढे जे निघालं ते याच वळणाचं. होळीची पहिली पोळी कुणाची, यावरून चुलतभावाशी भांडण. त्यावर गावाचा महजर, म्हणजे पंचांचा निवाडा, खाली सह्यांऐवजी नांगराच्या नि कट्यारीच्या निशाण्या. एका सावकाराचा कर्जरोखा, फेडीची नोंद नसलेला. लढाईत कामी आलेल्यांच्या मुलांना बालपरवेशी, म्हणजे पोटगी, मिळे, तिचेही कागद असतात. आमच्या नावाचा एकही नाही. आमचे पूर्वज दीर्घायुषी होते.

१८५२ च्या कायद्याने इनामांचे हक्क तपासायला इनाम कमिशन आलं आणि त्याने मूळ सनदा मागितल्या. आमची सनद पेंढाऱ्यांच्या दंग्यात जळाल्याचं खापरपणजोबांनी लिहून दिलं. त्याच रुमालात आणखी तिघांच्या सनदा त्याच दंग्यात जळालेल्या आहेत, अक्षरही एकाच हाताचं.

सगळं काकांना वाचून दाखवलं.

"चरायला गेली होती म्हणजे होती ना घोडी?" काका म्हणाले. "वंशावळीत साठच छाप."

कर्जरोख्याचं काय करायचं, यावर मात्र एकमत होईना. छापावा की नाही यावर तासभर वाद झाला. शेवटी धाकट्या काकूंनी मुद्द्याचं विचारलं, "त्या सावकाराच्या घरातलं कुणी हल्ली मोडी शिकतंय का, ते आधी बघ."