वजा तीन बिजागऱ्या

संगणकाच्या म्हणण्यानुसार आमच्या गोदामात चार इंची बिजागऱ्या वजा तीन आहेत. मी स्वतः रॅकपर्यंत जाऊन बघून आलो. तिथे बिजागऱ्यांचं अख्खं खोकं होतं, अजून धूळही न बसलेलं. पण साहेबांचा प्रश्न तोच, "मग वजा का दिसतंय?" पडदा आणि रॅक यांच्यात मतभेद झाला, तर रॅकने माफी मागायची, असा गोदामाचा अलिखित नियम आहे.

कारण अगदी साधं असतं. माल उतरला, गाडीला परत जायची घाई, म्हणून आवक नोंद "नंतर करू" वर राहिली. तोवर त्यातल्या तीन बिजागऱ्या कुणाच्या तरी ऑर्डरीत निघून गेल्या. जावक झाली, आवक झालीच नाही. वहीत हे खपून जायचं. संगणक शून्यातून तीन वजा करून मोकळा होतो.

गोदामाच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत यावर उपाय झाला. आता शून्याखाली जायलाच बंदी आहे. म्हणजे हातात बिजागरी, दारात गाडी, आणि स्कॅनर म्हणतो, "साठा शिल्लक नाही". गाडीवाला हॉर्न वाजवतो. शेवटी कुणीतरी हुशार सहकारी साठा-दुरुस्तीच्या पानावर जाऊन शंभर नग मनानेच भरतो आणि कारणाच्या रकान्यात 'इतर' निवडतो. संध्याकाळी खरी आवक नोंदली जाते आणि मग वजाऐवजी भलतीच श्रीमंती दिसू लागते. आमच्या गोदामात जे काही घडतं, त्यातल्या बऱ्याच गोष्टी 'इतर' कारणाने घडतात.

प्रत्येक आवृत्तीबरोबर एक तरुण इंजिनिअर येतो. "सर, या वेळी डॅशबोर्ड एकदम भारी केलाय," असं म्हणत तो रंगीत गोल फिरवून दाखवतो. गोल सुंदरच असतात. अडचण एवढीच, की माल उचलणारा माणूस डॅशबोर्ड कधी बघत नाही आणि डॅशबोर्ड बघणाऱ्याने कधी माल उचललेला नसतो.

पिकिंग, म्हणजे ऑर्डरीप्रमाणे रॅकवरून माल गोळा करणं, हे मुख्यतः चालणंच. पिकरचा साधारण अर्धा वेळ त्यातच जातो, हे या विषयाच्या पाठ्यपुस्तकांनाही मान्य आहे. तरी आमची यादी यायची ती मालाच्या सांकेतिक क्रमांकाने. आधी पहिल्या गल्लीतला वॉशर, मग शेवटच्या गल्लीतला स्क्रू, मग पुन्हा पहिल्या गल्लीत, मघाच्या वॉशरला खेटून ठेवलेला नट. मामा, म्हणजे आमचे सर्वांत जुने पिकर, यादी हातात आली की खिशातून पेन काढायचे आणि ओळींना स्वतःचे आकडे घालायचे. दहा जागी जायचं असेल, तर त्याचे ३६,२८,८०० वेगवेगळे क्रम लागू शकतात. जागा वाढत गेल्या की त्यातला सर्वांत जवळचा रस्ता शोधणं हा गणितातला नावाजलेला अवघड प्रश्न होतो. मामा तो चष्मा पुसता पुसता सोडवायचे.

मी इंजिनिअरला म्हटलं, बाबा रे, यादी जागेच्या क्रमाने दे. त्याने दिली. पहिली गल्ली, मग दहावी, अकरावी, बारावी आणि मग दुसरी! संगणकाने आकड्यांना अक्षरं समजून रांगेत उभं केलं होतं. "सर, तुम्ही गल्ल्यांची नावं ०१, ०२ अशी करा ना, लगेच सुटेल." दोष सॉफ्टवेअरचा होता आणि आम्ही शिडी लावून गोदामभर शून्यं चिकटवत होतो.

त्यानंतर क्रम सुधारला, पण प्रत्येक गल्ली त्याच टोकापासून सुरू व्हायची. एक संपली की रिकाम्या हाताने मागे या, मग दुसरीत शिरा. विषम गल्ल्या चढत्या आणि सम गल्ल्या उतरत्या क्रमाने लावल्या तर नागमोडी वाट होते आणि परतीची पायपीट वाचते, हे मामांनी यादीच्या मागच्या बाजूला रेघ ओढून दाखवलं. पुढच्या आवृत्तीच्या माहितीपत्रकात ती रेघ 'स्मार्ट रूट ऑप्टिमायझेशन' म्हणून छापून आली. मामांनी ते माहितीपत्रक घडी करून हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं.

बारकोडबद्दल माझी तक्रार नाही. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी च्युइंगमचं एक पाकीट सुपरमार्केटच्या गल्ल्यावर पहिल्यांदा स्कॅन झालं, तेव्हापासून तो बिचारा इमानाने वागतो आहे. पण वस्तू कोणती, एवढंच तो सांगतो. किती, ते माणसाने सांगायचं. खोक्यात बारा नग असतात. स्कॅनर विचारतो, "संख्या?" सकाळची पाळी खोकं मोजून १ टाकते, दुपारची पाळी नग मोजून १२ टाकते, आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर असतात. खोक्यावर वेगळा कोड लावून त्याच्या पोटात बारा बांधून टाकले की भांडण मिटतं. ही मागणी आवृत्तीमागून आवृत्ती 'विचाराधीन' आहे. दरम्यान स्कॅनरचा आवाज निवडायची सोय मात्र मिळाली. आमच्याकडे एकाने कोंबडा लावलाय.

मोजणी हे वेगळंच प्रकरण. पूर्वी स्कॅनरवर यायचं, "अपेक्षित साठा ४८. तुमची मोजणी?" आता सांगा, शिडीच्या टोकावर, घामाघूम अवस्थेत, कुणाला ४७ दिसतील? सगळ्यांना ४८च दिसायचे. वर्षअखेरीला गोदाम बंद ठेवून केलेली ती मोजणी अशी काही जुळायची की साहेब वरच्या ऑफिसात मिरवायचे.

मी सुचवलं की आकडा दाखवूच नका. झाकून मोजू द्या. शिवाय वर्षातून एकदा सगळं मोजण्यापेक्षा भरपूर फिरणारा माल दर महिन्याला थोडा थोडा मोजा. जो हलतच नाही, तो वर्षभर कुठे पळून जाणार आहे? आणि एखादा कप्पा हिशोबाने रिकामा होत असेल, तर तिथल्या तिथे पिकरला विचारा, "इथे आता काही उरलं का?" माणूस कप्प्यासमोर उभाच असतो. शून्य मोजायला शिडी लागत नाही, कॅल्क्युलेटर लागत नाही. इतकी स्वस्त मोजणी जगात दुसरी नसेल. नवल म्हणजे हे सगळं मंजूर झालं. इंजिनिअर खूश झाला, कारण यात एक रंगीत गोलही बसत होता.

पहिल्याच झाकल्या मोजणीत फरकांची यादी प्रिंटरमधून निघता निघेना. साहेबांनी बैठक बोलावली. "नव्या आवृत्तीने साठा बिघडवला!"

इंजिनिअर धीराने म्हणाला, "सर, फरक जुनाच आहे. आता फक्त दिसायला लागलाय."

"मग गेल्या वर्षी कसा जुळला?"

कुणीच बोललं नाही. मामा छताकडे बघत राहिले.

साहेब तसे नव्याच्या विरोधात नाहीत. त्यामुळे स्कॅनरवर आकडा अजूनही झाकलेलाच असतो. फक्त मोजणीच्या आदल्या संध्याकाळी, 'कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी', प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी अपेक्षित साठ्याची छापील यादी लावली जाते. अक्षर मोठं असतं. क्रम नागमोडी वाटेचाच असतो.