भागीदारीतलं कौशल्य

तालुक्याच्या गावी हमरस्त्यावर तुमचे वरच्या मजल्याचे दोन गाळे रिकामे पडले असतील आणि भाचा इंजिनिअर होऊन दोन वर्षं घरी बसला असेल, तर हातपाय गाळू नका. कौशल्य विकास केंद्र काढा. भाच्याला सेंटर मॅनेजर करा. त्याला नोकरी लागली नाही ही या कामात अडचण धरत नाहीत.

आधी सरकारशी भागीदारी म्हणजे काय ते समजून घ्या. आपल्याकडे अर्धेलीने शेती करतात. जमीन एकाची, राबणं दुसऱ्याचं, पीक निम्मं निम्मं. पाऊस दगा देतो तेव्हा दोघांचंही बुडतं. इथे बी सरकारचं, खत सरकारचं, पोरं आईबापांची. तुम्ही फक्त बांधावर फलक लावायचा. हा पायंडा तुम्ही पाडत नाही आहात, तेव्हा संकोच नको. २००८ साली राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ निघालं, त्यात ५१ टक्के वाटा खासगी क्षेत्राचा आणि ४९ टक्के सरकारचा. पैसा मात्र जवळपास सगळा सरकारी तिजोरीतला. २००९ च्या धोरणात २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना कुशल करायचं ठरलं होतं. २०२२ आलं, गेलं. आकडा मोठा असला की त्याचा पाठलाग करायला कोणी धावत नाही, हे तुमच्याही कामी येईल.

आता कोर्स निवडा. वेल्डिंगच्या नादी लागू नका. मशीन लागतं, वीज लागते, आणि पोरगं खरंच शिकतंय की नाही ते जोड बघून कळतं. माझी पसंती विचाराल तर ‘सेल्फ एम्प्लॉइड टेलर’. हे नाव मी बनवलेलं नाही, सरकारी कोर्सांच्या यादीतच आहे. काय नाव आहे! नोकरी कुठे लागली, असं कोणी विचारलं तर नुसतं प्रमाणपत्राकडे बोट दाखवायचं. स्वयंरोजगार वर छापूनच आलाय. आयटीआयमध्ये फिटर व्हायला पोरांना दोन वर्षं कानस घासावी लागते. तुमचा कोर्स काही शे तासांत संपतो, आणि फोटोत दोघंही सारखेच दिसतात.

तपासणीच्या आदल्या दिवशी शिलाई मशिनं गोळा करा. आमच्या ओळखीच्या एका केंद्रात वीसपैकी अकरा मशिनं शेजारच्या शिंपीआळीतून टेम्पोने आली होती. एकाच्या पायडलला अजून कुणाच्या तरी ब्लाउजचा दोरा गुंडाळलेला होता. तपासायला आलेल्या साहेबांनी तो पाहिला आणि ‘वा, प्रॅक्टिकल चालू दिसतंय’ म्हणाले. संध्याकाळी टेम्पो परत. भाड्याची पावती मात्र ‘कच्चा माल’ या खात्यावर टाका.

हजेरीला आधारवरचं अंगठ्याचं यंत्र आहे, म्हणून घाबरून जाऊ नका. मोबिलायझर, म्हणजे पोरं गोळा करून आणणारा माणूस, नेमा, त्याला डोक्यामागे पैसे द्यायचे असतात आणि त्याला गावातली सगळी डोकी ठाऊक असतात. पोरींना सांगा, सकाळी अंगठा, संध्याकाळी अंगठा. मधल्या वेळात कापूस वेचायला गेलात तरी आमची ना नाही. टोपी, टी-शर्ट, पिशवी पहिल्याच दिवशी वाटून टाका. कौशल्य राहिलं तरी टी-शर्ट राहता कामा नये.

आता पैशाकडे या, कारण खरी विद्या इथेच आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात पैसे तीन हप्त्यांत मिळायचे: बॅच सुरू झाली की ३० टक्के, पोरं पास होऊन प्रमाणपत्र मिळालं की ५० टक्के, आणि नोकरी लावून दिलीत तर उरलेले २०. हातात पेन्सिल घ्या. नोकरी लावायची म्हणजे कंपन्यांचे उंबरठे झिजवा, पोरांना पुण्याला पाठवा, खोलीभाड्याचं बघा, आठवड्यात ती परत आली की पुन्हा पाठवा. ही सगळी उस्तवार २० टक्क्यांसाठी? सोडून द्या ते २०. देवाला नैवेद्य म्हणून सोडा. हिशेब ठरवणाऱ्यानेच ८० टक्के शाळेत आणि २० टक्के कारखान्यात ठेवले, तर तुम्ही कारखान्यापर्यंत चालत का जायचं?

कागद भरताना फार जीव काढू नका. सरकारी हिशेब तपासणाऱ्या ‘कॅग’ने या योजनेची २०१५ ते २०२२ ची नोंद तपासली, तर लाभार्थ्यांच्या बँक खात्याच्या रकान्यात कुठे शून्य, कुठे कोरी जागा, कुठे नुसते एकावर एक अकरा एक. मला त्या भरणाऱ्याचं कौतुक वाटतं. अकरा वेळा एकच कळ दाबायची म्हणजे एकाग्रता लागते.

गाळे अपुरे वाटायला लागले आणि चारचौघांत ‘उद्योजक’ म्हणवून घ्यायची हौस असेल, तर आयटीआयकडे नजर टाका. २००७-०८ पासून १,३९६ सरकारी आयटीआयना भागीदारीत सुधारायची योजना आली. प्रत्येकी अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज, आयटीआय चालवणाऱ्या समितीवर अध्यक्ष उद्योगातला. पुष्कळ समित्यांनी त्यातली बरीच रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवली. बिनव्याजी घ्यायचं आणि व्याजाने ठेवायचं, हे कौशल्य मात्र कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. वर्कशॉपमधली लेथ तशीच गंजत उभी.

सहा महिन्यांनी एक पोरगा येईल. हातात लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र, अंगात तोच टी-शर्ट, कॉलर फाटलेली. शटर अर्धं खाली असेल. ‘सर, तुम्ही म्हणला होता कंपनीतनं फोन येईल,’ म्हणेल. ओरडू नका. खुर्ची द्या, चहा सांगा, आधार कार्डाची झेरॉक्स मागा. पुढची बॅच रिटेलची आहे आणि चार डोकी कमी पडतायत.