कासवाला कोरडं ठेवू नका

पाळीव कासवांबद्दलचा एक सल्ला वर्षानुवर्षं तोंडोतोंडी फिरतो आहे: "जमिनीवरचं कासव म्हणजे वाळवंटी प्राणी. काचेच्या टाकीत वाळू पसरा, अगदी कोरडं ठेवा, खालून ऊब द्या. उन्हासाठी खिडकी पुरते. आणि टाकी लहान असली तर कासवही लहानच राहतं." यातलं एकही वाक्य पाळण्याजोगं नाही.

सगळ्यात घातक आहे ते कोरडेपणाचं. मुळात सगळी कासवं वाळवंटातली नसतात. दक्षिण अमेरिकेतल्या तांबड्या पायांच्या कासवाला 70 टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते. सहाराच्या दक्षिण कडेला राहणारं सुलकाटा मात्र खरंच रखरखीत मुलखातलं आहे. पण तेही तापलेली दुपार उघड्यावर काढत नाही, खोल बिळात शिरतं, आणि तिथली हवा बाहेरच्यापेक्षा गार आणि दमट असते. टाकीत आपण त्याला रखरखाट देतो आणि बीळ मात्र देत नाही.

याचा परिणाम पाठीवर दिसतो. खवले सपाट न वाढता सुळक्यांसारखे वर येतात. याचा दोष बराच काळ प्रथिनांना दिला जात होता. सुलकाटाच्या पिल्लांवरचा एक प्रयोग 2003 साली प्रसिद्ध झाला. त्यात हवेतली आर्द्रता आणि आहारातली प्रथिनं या दोन्हींचा परिणाम तपासला होता. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या पाठीवर उंचवटे जास्त आले, प्रथिनांचा वाटा त्या मानानं किरकोळ निघाला. एकदा आलेला उंचवटा पुन्हा सपाट होत नाही, म्हणून पिल्लाच्या पहिल्या काही वर्षांत ओलावा सांभाळणं फार महत्त्वाचं.

"ओलाव्यानं छातीत कफ होतो" ही भीती अर्धीच खरी आहे. त्रास होतो तो थंडी आणि ओल एकत्र आल्यावर. टाकी उबदार असेल तर दमट हवा बाधत नाही. अर्थात ओलावा म्हणजे चिखल नव्हे. सतत भिजलेल्या पृष्ठभागावर पोटाकडची ढाल कुजू लागते. पाणी कोपऱ्यांतून ओतावं, म्हणजे खालचा थर ओलसर राहतो आणि वरचा जवळजवळ कोरडा.

नुसत्या वाळूत हे जमत नाही. ती पाणी धरून ठेवत नाही, खणलेला खड्डा ढासळतो, आणि चाऱ्याबरोबर पोटात गेलेली वाळू आतड्यात साचून अडथळा करू शकते. खत-कीटकनाशक नसलेली माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांचं मिश्रण बहुतेक जातींना मानवतं. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये. थर इतका जाड हवा की कासवाला त्यात पूर्ण गाडून घेता येईल. देवदाराचा भुसा नको, त्यातली सुगंधी तेलं श्वसनमार्गाला त्रास देतात. वर्तमानपत्र आजारी कासवासाठी चार दिवस ठीक, कायमचं नाही, कारण त्यात खणता येत नाही.

खालून ऊब देणं तर कासवाच्या स्वभावाच्याच उलट. निसर्गात ऊब वरून येते आणि उकडलं की कासव खाली खणतं. तळच तापलेला असेल तर ते सुटकेसाठी आणखी गरम जागेकडे जातं आणि पोट भाजतं. दिवा वर, एका टोकाला, त्याखाली साधारण 35 अंश. दुसरं टोक गार.

खिडकीचं साधं काचतावदान उन्हातले यूव्हीबी किरण (अतिनील किरणांचा एक प्रकार) जवळजवळ सगळे अडवतं. त्यांच्याशिवाय त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कवच मऊ पडतं. काचेतून आत आलेलं ऊन टाकीला फक्त तापवतं.

काचेच्या टाकीला माझा सरसकट विरोध नाही. पिल्लांसाठी बंदिस्त जागा ओलावा टिकवते, ते चांगलंच. बाजू मात्र बाहेरून झाकाव्यात, नाहीतर कासव दिवसभर पारदर्शक भिंतीला धडका देत राहतं.

आणि टाकीच्या मापानं कासव लहान राहत नाही. अपुऱ्या जागेत ते लहान दिसलंच, तर ती खुंटलेली, आजारी वाढ असते. सुलकाटा 40 किलोंच्या पुढे सहज जातं आणि त्याला आवार लागतं. तेवढी जागा पुढे देता येणार नसेल, तर आधीच 20 सेंटिमीटरच्या आसपास थांबणाऱ्या हरमनसारख्या जातीचा विचार करावा.