कुलूप बदलून घर मोकळं होत नाही

जळगाव-भुसावळकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर घरमालकांसाठी एक मेसेज फिरतोय. मला तो तीन ठिकाणांहून आला, शेवटचा अमळनेरच्या मावशीकडून. मजकूर थोडक्यात असा: ‘भाडेकरूने दोन महिने भाडं थकवलं की नव्या केंद्रीय कायद्याने त्याचा हक्क संपतो. नोटिशीच्या फंदात पडू नका. लाइट-पाणी तोडा, कुलूप बदला, सामान ओट्यावर ठेवा. घर तुमचं आहे, पोलिस तुमच्याच बाजूने उभे राहतील. कोर्टात गेलात तर बारा वर्षं निघून जातील आणि घर त्याच्याच नावावर होईल.’

मी घरमालकाच्याच घरातला आहे. भुसावळला आईच्या नावावरच्या दोन खोल्या भाड्याने दिल्यात आणि तिची औषधं त्याच पैशांतून येतात. भाडं थकलं की घरात काय होतं, ते मला कुणी सांगायला नको. तरीही हा मेसेज मी पुढे पाठवणार नाही, कारण तो ऐकून वागलेला घरमालकच आधी गोत्यात येतो.

‘दोन महिने आणि नवा केंद्रीय कायदा.’ हे दोन महिने आले कुठून, तर 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यातून. तो केंद्राने राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो कुणालाही लागू होत नाही. आपल्याकडचे भाड्याचे वाद महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 वर चालतात. शिवाय त्या नमुन्यातही मालकाला भाडे न्यायालयातच जावं लागतं, आणि पाणी-वीज तोडायला तिथेही मनाईच आहे. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने ज्या कायद्याचा आधार घेतला, तोही त्याच्या बाजूने नाही. (जुन्या लोकांच्या तोंडी ‘सहा महिने थकले पाहिजेत’ असंही असतं. ते 1947 च्या जुन्या मुंबई कायद्यातलं.)

‘नोटिशीच्या फंदात पडू नका.’ सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं. महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्याच्या कलम 15 प्रमाणे थकबाकीची लेखी मागणी भाडेकरूला मिळाल्यावर 90 दिवस गेल्याशिवाय त्या कारणावर दावाच लावता येत नाही. म्हणजे नोटीस पाठवायला तुम्ही जितके दिवस लावाल, तितकं तुमचंच घड्याळ उशिरा सुरू होईल. दावा लागल्यावर समन्स मिळाल्यापासून भाडेकरूला आणखी 90 दिवस मिळतात. तेवढ्यात त्याने सगळी थकबाकी, वर वार्षिक 15 टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला आणि पुढचं भाडंही भरत राहिला, तर घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. हे ऐकून पुष्कळ घरमालक चिडतात. मला विचाराल तर यात चिडण्यासारखं काही नाही. आपल्याला हवं होतं ते भाडं, आणि ते व्याजासकट हातात आलं. एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात काम करणाऱ्याचा पगार तीन महिने अडकला, तर त्याच्या बायकापोरांना ओट्यावर बसवून आपल्याला काय मिळणार? आणि ज्याला द्यायचंच नाही, तो या मुदतीत उघडा पडतो.

‘लाइट-पाणी तोडा.’ माझ्या चुलत काकांनी हेच केलं होतं. भर मे महिना, भुसावळचं ऊन, आणि त्यांनी वरच्या खोलीचा नळ बंद केला. घरात लहान मूल होतं. भाडेकरू कोर्टात गेला. पाणी पुन्हा सुरू करण्याचा हुकूम झाला आणि काकांच्या थकबाकीचा विषय बाजूलाच पडला. भाडं बुडवणारा तो, पण सगळ्या गल्लीत वाईट ठरले काका. कलम 29 मध्ये पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, साफसफाई हे सगळं येतं. ते तोडणं गुन्हा आहे आणि त्याला कैदेचीही तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी 45 अंशांच्या उन्हात कुणाचं पाणी तोडू नये. काकांना ते आजही बोलून दाखवतो.

‘घर तुमचं, कुलूप बदला.’ मालकी तुमची, ताबा त्याचा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ अॅक्टच्या कलम 6 खाली बेकायदा बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात ‘घर माझंच आहे’ हे उत्तर चालत नाही. पोलिसांचंही तेच. थकलेलं भाडं हा दिवाणी विषय, त्यासाठी ते कुणाला घराबाहेर काढत नाहीत. उलट घरात जाणाऱ्याची वाट अडवली तर तक्रार तुमच्यावर होऊ शकते.

‘बारा वर्षांत घर त्याचं.’ नाही होत. बारा वर्षांची गोष्ट मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे बसलेल्या माणसाची आहे. भाडेकरू तुमच्या परवानगीने आत आलेला असतो. भाडेकरू म्हणून राहत असताना त्याला तुमची मालकी नाकारता येत नाही. घर जाण्याची ही भीती दाखवूनच लोकांच्या हातात कुलूप दिलं जातं. बारा वर्षांनी नव्हे, पण तीन वर्षांनी एक गोष्ट मात्र खरोखर हातची जाते: तितकं जुनं झालेलं भाडं दाव्याने वसूल करता येत नाही.

मेसेजात न आलेली, पण आपल्याकडे घरोघरी पक्की बसलेली एक समजूत म्हणजे ‘अकरा महिन्यांचा करार, नोंदणी लागत नाही’. महाराष्ट्रात लागते. 1999 च्याच भाडे कायद्याच्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स (ठरलेल्या मुदतीपुरती राहण्याची परवानगी), तो लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदला नाही तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. राहण्यासाठी दिलेल्या घराचा लिव्ह अँड लायसन्स करार असेल, तर मुदत संपल्यावर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि घर सोडेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते. इतकं हत्यार कायद्याने दिलेलं असताना आपण नुसत्या स्टॅम्पवर सही घेतो आणि कपाटात ठेवतो.

मावशीला मी फोन केला तेव्हा ती चिडली होती. “घर मनं शे, मंग कुलूप लावाले कोनी परवानगी लागस?” मी विचारलं, करार कुठाय? स्टॅम्पपेपर निघाला, नोंदणी नाही. पावत्या कधी दिल्याच नव्हत्या. पाच महिन्यांचं भाडं थकलेलं, आणि ते थकलंय हे सांगणारा कागद तिच्याजवळ एकही नाही. सोमवारी अमळनेरला वकिलांकडे बसून आम्ही महिन्यागणिक हिशेब काढला आणि पोचपावतीसह नोटीस टाकली. ती भाडेकरूच्या हातात पडली की 90 दिवस मोजायला सुरुवात.